तळे की तलाव? नाव सोडा, दोरी टाका

मध्य वैतरणेचे धरण १०२ मीटर उंच आहे. तरी दर पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत बातमी असते ती ‘पाणीपुरवठा करणाऱ्या सात तलावांची’. हे सातही तलाव बांध घालून झालेले आहेत. निसर्गाने केलेला त्यात एकही नाही. लोणारला मात्र आपण सरोवर म्हणतो, आणि त्याचे पाणी जेमतेम काही मीटर खोल. शेतात तीस बाय तीसचा खड्डा खणून प्लॅस्टिक अंथरले की शेततळे. पुण्यात सारसबागेतल्या गणपतीला लोक अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, भोवतीचे मूळचे मोठे तळे कधीच गेले तरी. आणि कोयना, जायकवाडी, उजनीला तर आपण थेट सागरच करून टाकले: शिवाजीसागर, नाथसागर, यशवंतसागर.

तळे आणि तलाव यांत फरक काय, असे विचारले की ‘लहान ते तळे, मोठा तो तलाव’ हे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण त्यावर कुठलेही काम ठरवता येत नाही. ज्याला मासे सोडायचे आहेत, गाळ उपसायचा आहे, जलपर्णी काढायची आहे किंवा ते पाणी प्यायला घ्यायचे आहे, त्याला दोनच गोष्टी कळाव्या लागतात. ऊन तळापर्यंत पोचते का? आणि वरचे पाणी खाली, खालचे वर असे रोज ढवळले जाते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर ते तळे, मग सातबाऱ्यावर काहीही लिहिलेले असो. दोन्हींचे ‘नाही’ असेल तर तो तलाव. एक हो आणि एक नाही, अशी मधली पाणीही पुष्कळ असतात आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

हेक्टरांची भांडणे

सर्वमान्य व्याख्या जगात कुणाकडेच नाही. पाणथळ जागांच्या रामसर करारात ८ हेक्टरांवरचे ते लेक आणि त्याखालचे ते पाँड अशी सोयीची रेघ आहे. ८ हेक्टर म्हणजे साधारण २० एकर. ब्रिटनमध्ये पाँडची मोजणी करणारे १ चौरस मीटरपासून २ हेक्टरांपर्यंतचे आणि वर्षातले किमान चार महिने पाणी धरणारे ते पाँड, असे धरतात. २०२२ मध्ये काही संशोधकांनी जगभरच्या व्याख्या आणि मोजमापे एकत्र करून वेगळी रेघ सुचवली: क्षेत्र ५ हेक्टरांपेक्षा कमी, खोली ५ मीटरांपेक्षा कमी आणि पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या वनस्पती ३० टक्क्यांपेक्षा कमी जागेत. मला ही त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण तीत खोली आली आणि झाडोराही आला. झाडोरा ३० टक्क्यांच्या वर गेला की ती दलदल.

भारतात तिसराच आकडा चालतो, २.२५ हेक्टर. उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांचे नकाशे झाले तेव्हा यापेक्षा मोठ्या जागा सीमेसह आखल्या गेल्या आणि लहान जागा नुसता ठिपका म्हणून नोंदल्या गेल्या. ही नकाशा काढणाऱ्यांची सोय होती, पाण्याचा गुणधर्म नव्हे. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले ते याच मापाच्या वरच्या २,०१,५०३ जागांना, आणि ठिपके बाहेर राहिले.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या जलसाठे गणनेत २४,२४,५४० साठे मोजले गेले. त्यात पाँड म्हणून नोंदलेले ५९.५ टक्के आणि लेक म्हणून नोंदलेले फक्त ०.९ टक्के. म्हणजे आपला देश तळ्यांचा आहे, पण चर्चा, निधी आणि सुशोभीकरण बहुतेक वेळा तलावांच्या वाट्याला येते.

हेक्टरांवर माझा विश्वास कमी आहे तो पावसामुळे. आपल्याकडचे पाणी आश्विनात मोजले तर एक उत्तर येते, वैशाखात मोजले तर दुसरेच. दिवाळीत दहा हेक्टर पसरलेला गावतलाव मे महिन्यात पाळीजवळच्या तीन हेक्टरांत येऊन बसतो. मग तो दिवाळीत तलाव आणि उन्हाळ्यात तळे का? गंमत म्हणजे, वागणुकीने पाहिले तर कधीकधी खरेच तसे असते.

गोव्यातले कुडचड्याचे नंदा तळे घ्या. २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेले. क्षेत्र सुमारे ४२ हेक्टर, म्हणजे आकाराने पक्का लेक, आणि इंग्रजी नावातही लेक आहे. प्रत्यक्षात ती गोड्या पाण्याची हंगामी दलदल आहे. पावसाळा सरल्यावर लोक तिथे पाणी अडवून साठवतात आणि त्यावर खालच्या अंगाला भातशेती करतात. ‘लेक’ हा शब्द वाचून तिथे कुणी ‘खोली वाढवू या’ म्हणत यंत्रे घातली, तर जे यादीत गेले तेच नाहीसे होईल.

महाराष्ट्रात सरोवरे का नाहीत

नैसर्गिक सरोवर व्हायला जमिनीत बंद खळगा लागतो. तो हिमनदी कोरते, भूकंपाच्या हालचालीने जमीन खचून होतो, ज्वालामुखीच्या तोंडात होतो किंवा नदीने वळण सोडले की उरतो. दख्खनच्या पठारावर हिमनद्या नव्हत्या. बेसॉल्टचे थर जवळपास आडवे आहेत आणि नद्यांनी त्यांत उतार कोरून ठेवले आहेत, त्यामुळे पडलेले पाणी वाहून जाते. लोणार हा अपवाद आहे, कारण तिथला खळगा आकाशातून आला. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. त्यात येणाऱ्या पाण्याला बाहेर वाट नाही. पाणी वाफेने जाते, क्षार मागे राहतात, म्हणून तिथले पाणी खारे आणि पीएच १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेही पाणी कमी होऊन क्षार वाढल्यामुळे आणि त्या क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

बाकी आपल्याकडे जे आहे ते बांधलेले. मालवणजवळचा धामापूरचा तलाव १५३० चा. कात्रजचे तलाव पेशव्यांचे, महाबळेश्वरचे वेण्णा १८४२ चे, विहार १८६० चे, पवई १८९१ चे. बांधलेल्या तलावाची एक खूण लक्षात ठेवा: त्याची सर्वांत खोल जागा मधोमध नसते, पाळीला लागून जुन्या ओढ्याच्या पात्रात असते आणि शेपटाकडे तो उथळ होत जातो. खणलेले तळे सगळीकडे सारखे खोल, विवर वाटीसारखे. खोली मोजायला कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरते.

सरासरी खोली कागदावरही काढता येते: साठा भागिले पाण्याचे क्षेत्र. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी आणि पाणी पसरते साधारण ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास. कोयनेचा साठा सुमारे १०५ टीएमसी, पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर, सरासरी पंचवीस मीटरच्या आसपास. साठा जवळजवळ सारखा, पण एक ताट आहे आणि दुसरा तांब्या. ताटावर वारा आणि ऊन दोन्ही जास्त लागतात. जायकवाडीतून वाफेने जाणाऱ्या पाण्यावर इतके बोलले जाते ते उगाच नाही.

थर कसे बसतात

पाणी तापले की हलके होते हे सगळ्यांना माहीत असते. किती हलके, हे पाहिले की आपल्या हवामानातला खेळ समजतो. ५ अंशांचे पाणी ६ अंशांवर गेले तर दर घनमीटरमागे वजन सुमारे २५ ग्रॅमने घटते. २९ चे ३० वर गेले तर सुमारे ३०० ग्रॅमने. साधारण बारापट फरक. थंड देशात वर-खाली दहा अंशांचा फरक लागतो तेवढी घट्ट थरबंदी आपल्याकडे दोन-तीन अंशांच्या फरकानेही बसते. युरोपातल्या पुस्तकांतले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळे.

उथळ पाण्यात दुपारी वरचा हातभर थर चटका देतो, पायाखाली मात्र गार लागते. रात्री वरचे पाणी निवते, जड होते, खाली जाते आणि पहाटेपर्यंत सगळे एकजीव होते. हे रोज घडते. म्हणून तळ्याच्या तळाशी रोज थोडा प्राणवायू पोचतो आणि गाळात पडलेला पाला सावकाश का होईना कुजून संपतो.

खोल पाण्यात, अंदाजे सहा-आठ मीटरांच्या पुढे आणि वाऱ्याला आडोसा असेल तर त्याहून आधीही, एका रात्रीची थंडी तळापर्यंत पोचत नाही. फाल्गुनापासून थर बसू लागतो आणि वैशाखापर्यंत पक्का होतो. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून शेवाळ, विष्ठा, पाला पडत राहतो. तो कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो. मग गाळातला लोखंडाला बांधलेला फॉस्फरस सुटतो, मँगनीज विरघळते आणि सडक्या अंड्यासारखा वास धरतो. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीत, वरचे पाणी खालच्याइतके गार झाले की सगळा तलाव एकदाच उलटतो. पावसाळ्यात गार पाण्याचा लोंढा आला तरी थर मोडू शकतो.

पिण्याचे पाणी उचलणाऱ्यांना हे तोंडपाठ असावे लागते. उपसा विहिरीला वेगवेगळ्या पातळ्यांवर दारे असतात ती याचसाठी. उन्हाळ्यात तळाचे दार उघडले तर पिवळट, वासाचे पाणी येते. वरचे उघडले तर शेवाळ येते. मधले दार बहुधा बरे. दारे गंजून एकच उघडत असेल तर शुद्धीकरण केंद्रात कितीही क्लोरीन ओतले तरी तक्रारी थांबत नाहीत.

स्वतः मोजायचे कसे

चार वस्तू लागतात: दोरी, थाळी, बाटली, थर्मामीटर. आणि होडी. टायरच्या ट्यूबवर बसून जाऊ नका. गावातल्या मासेमाराला सोबत घ्या, जीवरक्षक जाकीट घाला. पोहता येते म्हणून गाळात रुतलेला पाय निघत नाही.

खोलीसाठी न ताणणारी नायलॉनची दोरी घ्या, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा, टोकाला किलोभर वजन बांधा. वजन फार हलके असेल तर तळ कळत नाही, टोकदार असेल तर गाळात फूटभर घुसते आणि खोली जास्त दिसते. चपटा दगड उत्तम. पाळीपासून शेपटापर्यंत सरळ रेघेत दहा-बारा ठिकाणी मोजा. वाऱ्याने होडी सरकली की दोरी तिरकी होते आणि आकडा फुगतो, म्हणून सकाळी वारा पडलेला असताना हे उरकावे.

पारदर्शकतेसाठी २० सेंटीमीटर व्यासाची थाळी चार भागांत काळी-पांढरी रंगवा, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन लावा. व्हॅटिकनचे खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी थाळी सोडून हीच युक्ती वापरली आणि आजही ती चालते. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून थाळी सोडा. दिसेनाशी झाली तो आकडा, वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी. तिची साधारण अडीचपट खोलीपर्यंत वनस्पतीला पुरेल इतके ऊन पोचते. थाळी एक मीटरला दिसेनाशी झाली आणि पाणी दोन मीटर खोल असेल तर ऊन तळाला लागते आहे. थाळी ३० सेंटीमीटरलाच गेली तर दोन मीटरचे उथळ पाणीसुद्धा उजेडाच्या दृष्टीने खोल झाले. सांडपाणी पडणाऱ्या शहरी तळ्यांचे असेच होते: आकार तळ्याचा, तळ मात्र अंधारात.

मग बाटली. एक लिटरची काचेची बाटली, बुडाला दगड बांधलेला, तोंडाला बूच, आणि बुचाला वेगळी बारीक दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर सोडायची, बुचाची दोरी हिसडायची, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचे आणि झपाझप वर ओढायची. थर्मामीटर लगेच बुडवा. बाटली उन्हात ठेवली तर तापमान वाढू लागते आणि सगळी मेहनत वाया. वरचे, मधले, तळाचे तापमान दुपारी तीनला आणि पुन्हा पहाटे सहाला घ्या. पहाटे वर आणि खाली सारखे आले तर पाणी रोज ढवळले जाते. पहाटेही दोन अंशांहून जास्त फरक टिकला तर थर बसलेला आहे. तळाच्या बाटलीचा वासही घ्या, नाकाइतके स्वस्त यंत्र नाही.

यांतले काहीच जमले नाही तर काठ बघा. पाणकणीस, लव्हाळी, कमळे काठापासून आतवर पसरली असतील आणि मधोमधही तळातून उगवलेल्या वनस्पती दिसत असतील तर ते तळे. वाऱ्याच्या समोरच्या काठावर माती धुपून नुसती खडी राहिली असेल, लाटांनी पाळीचे दगडी पिचिंग उखडले असेल, तर वाऱ्याला धावायला तिथे पुरेशी जागा आहे. तो तलाव.

कागदावरची नावे

सरकारी कागदावर गावतलाव, पाझर तलाव, साठवण तलाव, लघु पाटबंधारे तलाव अशी नावे दिसतात. ती आकाराची कमी आणि कामाची जास्त आहेत. साठवण तलावात पाळीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा आणि त्याखालचा चर पार अभेद्य थरापर्यंत नेलेला असतो, म्हणजे पाणी पाळीखालून निसटू नये. पाझर तलावात तो चर मुद्दाम कमी खोल ठेवतात. पाणी जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागावे, हाच त्याचा हेतू. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून असे तलाव गावोगाव झाले.

त्यामुळे ‘आमचा पाझर तलाव जानेवारीतच आटतो’ ही तक्रार ऐकली की आधी विहिरी विचाराव्यात. विहिरींना पाणी असेल तर तलावाने आपले काम केले. उलट पाझर तलाव मेपर्यंत भरलेला राहत असेल तर त्याच्या तळावर गाळाचा लेप बसला आहे आणि तो नापास झाला आहे. साठवण तलावाचे याच्या बरोबर उलट.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत, लोकांच्या बोलण्यातले मामा तलाव. कोहळी समाजाने बांधलेली ही साखळी आहे: वरचा भरला की सांडव्यावरून खालच्यात, तिथून बांधीत, बांधीतून बोडीत. बांधी म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत, बोडी म्हणजे शेताच्या डोक्यावरचे छोटे तळे. हे बहुतेक तलाव पसरट आणि उथळ, म्हणजे नावाने तलाव आणि वागणुकीने तळे. काठाला देवधान, मध्ये कमळ आणि पाणवनस्पती, त्यांत मासे आणि पक्षी. तिथे सरसकट तीन मीटर खोल खणायचे ठरवले तर उथळ काठ जातो आणि त्यावर जगणारे सगळे जाते. ढिवर मासेमारांना विचारले तर कुठे खणू नये ते बोटाने दाखवतील. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण भ्रष्टाचारासाठी वापरतो. पण राखणाऱ्याला त्या पाण्यात वाटा होता तोवर ते राखले जात होते, हेही त्याच म्हणीत आहे.

नावाचा कायद्यातही फरक पडतो. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले साठे वगळले आहेत. महाराष्ट्रात जवळजवळ सगळेच कशासाठी तरी बांधलेले. तेव्हा एखाद्या गावतळ्यावर भराव पडत असेल तर त्याच्या जुन्या नोंदीत ‘कशासाठी’ हे काय लिहिले आहे ते आधी शोधावे.

शेततळ्याचा हिशेब

लहान असूनही पुष्कळ चुका होतात ते हे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजू १.५ ला १ उताराच्या, म्हणजे मीटरभर खोलीला दीड मीटर आडव्या, ठेवल्या तर तळ २१ बाय २१ उरतो आणि पाणी मावते १,९७१ घनमीटर, म्हणजे १९.७ लाख लिटर. ‘३० गुणिले ३० गुणिले ३, म्हणजे २७ लाख लिटर’ हा हिशेब करून पीक लावणारे एप्रिलमध्ये टँकर शोधतात. उतार १ ला १ केला तर २,१९६ घनमीटर मावते, पण हलक्या मुरमात त्या बाजू ढासळतात आणि प्लॅस्टिकला ओढ बसते.

आता वाफ. ऑक्टोबर ते मे सरासरी दिवसाला ५ मिलिमीटर धरली तर आठ महिन्यांत १.२ मीटर. खोलीच्या हा ४० टक्के वाटतो. पण वरचा भाग रुंद आहे. १.८ मीटर पाणी उरते तेव्हा साठा असतो फक्त १,०१५ घनमीटर. एक बादलीही न उपसता जवळपास निम्मे पाणी गेले. कोयनेसारख्या पंचवीस मीटर सरासरीच्या साठ्यात तेवढीच वाफ गेली तरी ती खोलीच्या पाच टक्के. म्हणून शेततळे शेवटच्या संरक्षित पाण्यासाठी राखून ठेवण्यापेक्षा आधी वापरून टाकलेले बरे: विहीर आणि शेततळे दोन्ही असतील तर हिवाळ्यात आधी शेततळे उपसा, विहीर मागे ठेवा. पुष्कळ जण याच्या उलट करतात.

अस्तराला ५०० मायक्रॉनचे प्लॅस्टिक. वरच्या मापाला पाळीवरच्या चरात गाडायचा भाग धरून साधारण ३४ बाय ३४ मीटरचा कागद लागतो, म्हणजे सुमारे १,१५० चौरस मीटर. कागद फाटतो तो बहुतेक वेळा तिघांमुळे: खाली राहिलेला टोकदार दगड, उंदीर-घुशी आणि तळे रिकामे असताना लागलेले ऊन. कागद टाकण्याआधी बाजूंवर चाळलेल्या मातीचा थर द्या, तळात हातभर तरी पाणी कायम राहू द्या, म्हणजे वाऱ्याने कागद उचलला जात नाही. आणि कुंपण घाला, आत दोन ठिकाणी गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा. ओल्या प्लॅस्टिकवरून माणसालाच काय, कुत्र्यालाही वर येता येत नाही. यात तडजोड नको.

पैसे पाण्यात जातात ते असे

तलाव हिरवा झाला की पहिली मागणी कारंज्याची. कारंजे वरचे अर्धा-एक मीटर पाणी हलवते. दोन मीटरच्या तळ्यात त्याने खरेच फरक पडतो, विशेषतः पहाटे. दहा मीटरच्या तलावात ते शोभेचे. तळाशी प्राणवायू नाही तो नाहीच. तिथे तळातून बुडबुडे सोडणारी यंत्रणा लागते. आणि ती भर वैशाखात एकदम पूर्ण जोराने सुरू केली तर तळाचे विषारी पाणी एका रात्रीत वर येते, दुसऱ्या दिवशी मासे काठाला. हिवाळ्यात, थर नसताना सुरू करावी किंवा रोज थोडा वेळ करत वाढवत न्यावी.

मासे मरण्याचा दिवस तळ्यात अंदाजाने सांगता येतो. दोन-तीन दिवस आभाळ, वारा पडलेला, पाणी गर्द हिरवे, आणि पहाट. रात्रभर शेवाळही श्वास घेते. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मावतोच मुळी लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. तो ३ च्या खाली गेला की कटला आणि रोहू पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळू लागतात. तेव्हा खाद्य बंद, शेण-खत बंद, आणि पंपाने त्याच तळ्याचे पाणी उचलून उंचावरून फवारा. थाळी २० सेंटीमीटरच्या आत दिसेनाशी होत असेल तर हा दिवस येणार हे आठवडाभर आधी कळते.

बोटुकली सोडतानाही तीच गल्लत होते. बारमाही तळ्यात कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात चरतो, म्हणून हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली मिश्र सोडतात. खोल तलावात हा आकडा चालत नाही, कारण तिथे मृगळाला तळ असतो पण त्या तळाला प्राणवायू नसतो. आणि चार-पाच महिने पाणी टिकणाऱ्या गावतळ्यात बोटभर बीज सोडून किलोचा मासा मागणे म्हणजे ज्वारी पेरून ऊस मागणे. तिथे आधीच वर्षभर वाढवून ठेवलेले मोठे बीज लागते.

गाळ काढताना जुन्या तळ्याचा तळ खरवडून मुरूम उघडा पाडू नये. तो चिकण थर म्हणजेच तळ्याचे बूड, ते फुटले की पाणी थांबत नाही. साठवण तलावात हे जास्तच खरे, पाझर तलावात उलट थोडे खरवडणे हिताचे. पाळीच्या पायथ्याशी खणणे तर दोन्हीकडे धोक्याचे. काठाचा निदान एक भाग उथळ ठेवा. एक ला पाच किंवा त्याहून मंद उतार असला तर लव्हाळे टिकते, बगळे-शराटी उतरतात आणि म्हैसही न घसरता बाहेर येते.

जलपर्णीबद्दल एवढेच: ती अनुकूल वेळी पंधरवड्यात दुप्पट होते. सांडपाण्याचा नाला चालू ठेवून ती काढणे म्हणजे ठेकेदाराला पगार लावून देणे.

आणि डबके

या सगळ्यात डबक्याला कुणी विचारत नाही. कासच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या सड्यांवर जांभ्याच्या खळग्यांत पावसाळ्यात जे वीतभर पाणी साचते, ते कुठल्याच यादीत तळे म्हणूनही बसत नाही. पण ते आटते, हाच त्याचा गुण. आटत असल्यामुळे तिथे मासे नसतात, आणि मासे नसल्यामुळे बेडकांची पिल्ले आणि परीकोळंबीसारखे इवले कवचधारी जीव निर्धास्त वाढतात. त्या जीवांची अंडी उरलेले महिने कोरड्या मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. डास होतात म्हणून अशा खळग्यांत गप्पी मासे सोडले जातात. गप्पी डासांच्या अळ्यांसोबत बेडकांची पिल्लेही खातात. पाऊस थांबला की काही दिवसांत खळगा आटतो, गप्पीही मरतात, आणि पुढच्या वर्षी डास परत येतात, कारण त्यांना उडून यायला पंख आहेत.